आमच्या मुली, आणलेल्या मुली

संपादकांनी फोनवर सांगितलं, मॅडम, मैदानावरचे गमतीदार अनुभव लिहा, दिवाळी आहे, वाचकांना हलकंफुलकं आवडतं. मी हो म्हणाले. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की गमतीदार अनुभव पुष्कळ आहेत, पण ते आठवले की हसू यायच्या आधी मला राग येतो. घरचे म्हणतात, मी साधा चहासुद्धा रागाशिवाय करत नाही. तेव्हा हलकंफुलकं ज्यांना हवं असेल त्यांनी पुढची पानं उलटावीत, या अंकात पाककृतीही असतात.

मी बास्केटबॉलची प्रशिक्षक. पुण्यात हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या उंचीकडे बघतो आणि मग विचारतो, "ते झालं हो, पण नोकरी कुठे?" शाळेत शिकवलं, क्लबात शिकवलं, आणि शेवटची दोन वर्षं एका कॉलेजच्या मुलींचा संघ माझ्याकडे होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. वाचकांनी आपापल्या कॉलेजचं नाव घालून वाचलं तरी फारसं चुकणार नाही.

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी मला खोलीत बसवलं. त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात चषक इतके दाटीने उभे होते की एक काढला असता तर चार पडले असते. प्राचार्य अतिशय सभ्य गृहस्थ. हळू बोलायचे आणि प्रत्येकाला "आपण" म्हणायचे. पुण्यात जन्म गेल्यामुळे मला कळतं की माणूस जितक्या वेळा "आपण" म्हणतो तितकं आपलं काम होण्याची शक्यता कमी. "आपण मुलींचा संघ पुन्हा उभा करायचा," ते म्हणाले. मी विचारलं, आधीचा संघ कुठे आहे? तर तो आधीच्या प्रशिक्षकांबरोबर गेला. म्हणजे ते सर नदीपलीकडच्या एका कॉलेजात गेले आणि जाताना अख्खा संघ घेऊन गेले, घर बदलताना भांडी नेतात तसा.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायची असते, कारण जिंकलं की फाटकावर फ्लेक्स लागतो. मुलींना शिकवून संघ तयार करायला वर्षं लागतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे तयार मुली आणायच्या. राज्याकडून खेळलेली एखादी मुलगी हेरायची, तिला फी माफ करायची, हॉस्टेल द्यायचं, आणि ज्या विषयाला कोणी फिरकत नाही त्याच्या एम.ए.ला तिचं नाव घालायचं. ती वर्गात येत नाही. कुणाची अपेक्षाही नसते. ती स्पर्धेत खेळते, चषक आणते, आणि पुढच्या जुलैत दुसऱ्या कॉलेजने बरी खोली देऊ केली की तिकडे जाते. याला आमच्याकडे "मुली आणणं" म्हणतात. मंडईतून आणल्यासारखं बोलतात सगळे, आणि कुणाची जीभ अडखळत नाही. हे सगळं नियमात बसतं, असंही ते सांगतात. बसवता येतं त्याला बसतं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

तर कपाटात चषक आणि मैदानावर स्कूटर अशी परिस्थिती होती. आमचं सिमेंटचं कोर्ट प्राध्यापकांनी पार्किंगला घेतलं होतं. मी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. स्कूटर उभ्या असतानाच सराव सुरू केला. बॉल गाडीच्या आरशावर कसा आदळतो हे अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांना प्रत्यक्ष दिसल्यावर पार्किंग आपोआप ग्रंथालयामागे गेलं. त्या गृहस्थांनी नंतर माझ्याशी बोलणं सोडलं, त्यामुळे माझा बराच वेळ वाचला.

मुली मी सूचनाफलकावरून मिळवल्या नाहीत. फलक वाचून ज्या येतात त्यांना बहुधा टी-शर्ट हवा असतो. मी कँटीनशी उभी राहून बघत राहायचे. केतकी मला तिथे सापडली. कसब्यातली मुलगी, ढोल पथकात वाजवायची. कमरेला तो ढोल बांधून जी मुलगी मिरवणुकीत दिवसभर उभी राहते तिला कोण ढकलून पाडणार? तिला मी विचारलं, खेळणार का? ती म्हणाली, "मॅडम, मला बास्केटबॉलमधलं काहीही येत नाही." मी म्हटलं, छान, म्हणजे मोडायला वाईट सवयी नाहीत.

दुसरी वैष्णवी. येरवड्याला तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहायची, वडील तिथेच शिपाई. वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच, आणि ती उंची लपवायचा धडपडून प्रयत्न करणारी. खांदे पाडून, गुडघे किंचित वाकवून चालायची. घरात, गल्लीत, लग्नकार्यात सगळ्यांनी मिळून त्या पोरीला बुटकं करायचा चंग बांधला होता. "हिला नवरा कुठून आणायचा," हा त्यांच्याकडचा कायमचा विनोद. मला तो विनोद तिने सांगितला तेव्हा ती हसत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. मी तिला सेंटर केलं. सेंटर म्हणजे बास्केटच्या अगदी खाली उभी राहून खेळणारी मुलगी, संघाचा खांब.

या खेळात बॉल बास्केटमध्ये जातो त्यापेक्षा कितीतरी वेळा कडीवर आपटून बाहेर उडतो. तो उडालेला बॉल ज्यांना मिळतो ते सहसा जिंकतात. तो मिळवायची युक्ती अशी की बॉल हवेत असताना त्याच्याकडे बघायचंच नाही. आधी प्रतिस्पर्धी शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, गुडघ्यात बसायचं आणि पाठीने तिला मागे रेटून धरायचं. जागा अडवली की बॉल आपोआप आपल्याकडे येतो. उड्या मारणं हे नंतरचं.

हे मुलांना एका आठवड्यात जमतं. आमच्या मुलींना जमेना, आणि का जमेना ते मला पहिल्याच सराव सामन्यात दिसलं. धक्का लागला की त्या "सॉरी" म्हणायच्या. नुसतं म्हणायच्या नाहीत, थांबून म्हणायच्या. समोरची मुलगी बॉल घेऊन पुढे जाऊन बास्केट करायची आणि आमची वैष्णवी मागे उभी राहून विचारायची, लागलं का गं? सगळ्या जन्मात त्यांना एकच शिकवलेलं, सरक, बाजूला हो, पाहुण्यांना बसू दे. धक्का देणाऱ्या मुलीची चूक, धक्का खाणाऱ्या मुलीचीही चूक. मी नियम केला की सरावात जी सॉरी म्हणेल तिने मैदानाला फेरी मारायची. पहिल्या महिन्यात आमचा संघ बास्केटबॉलचा नसून लांब पल्ल्याच्या शर्यतीचा आहे असं लोकांना वाटत होतं. केतकी तर फेरी मारून आल्यावर "सॉरी मॅडम, परत नाही म्हणणार" असं म्हणाली आणि पुन्हा पळाली.

पहिलं वर्ष आम्ही हरलो. किती फरकाने ते विचारू नका. नदीपलीकडच्या कॉलेजकडून हरलो तेव्हा आधीचे सर हस्तांदोलन करताना म्हणाले, "मेहनत दिसते हो तुमची." पुण्यात याचा अर्थ काय होतो ते इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी कुणालातरी विचारून घ्यावं. पण दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मुली जागा सोडेनाशा झाल्या. वैष्णवी ताठ उभी राहायला लागली आणि तिच्या मागे समोरची सेंटर दिसेनाशी झाली. शहर विभागाची स्पर्धा आम्ही जिंकली. ज्यांनी आधी कधी बॉल हातात धरला नव्हता त्या मुलींनी जिंकली. मी त्या दिवशी रडले हे सांगून टाकते, कारण केतकीने ते आधीच सगळ्यांना सांगितलं आहे.

पुढची फेरी आंतरविभागीय. तिथे विद्यापीठाची निवड समिती बसते आणि विद्यापीठाचा संघ निवडते. विद्यापीठाच्या संघात आलं की देशभरच्या स्पर्धा, मग राज्याच्या संघाची दारं, मग खेळाडूंसाठीच्या जागेवर नोकरी. वैष्णवीला पोलिसात जायचं होतं. वडिलांनी तिला एक वर्षाची मुदत दिलेली, त्यात काही झालं नाही तर खेळ बंद आणि क्लास लावायचा. म्हणजे त्या समितीसमोर खेळायला मिळणं, एवढंच तिला हवं होतं.

स्पर्धेच्या थोडे दिवस आधी प्राचार्यांनी बोलावलं. "आपण कमाल केलीत," ते म्हणाले, "आता पुढच्या फेरीसाठी आपण जरा मजबुती आणतो आहोत." मजबुती हॉस्टेलवर येऊन पोचली होती. चार मुली, चार बॅगा, एम.ए.ला प्रवेश. बाराजणींच्या संघात चार जागा करायच्या म्हणजे आमच्या चारजणींना काढायचं, ते त्यांनी मला न विचारता केलंही होतं, फक्त मुलींना सांगायचं काम माझ्यासाठी ठेवलं होतं. मी म्हटलं, या मुलींनी जिंकलेली जागा आहे ही. ते म्हणाले, "अहो मॅडम, जिंकलं कॉलेजने. आपण भावनेच्या भरात बोलताय." मी नंतर जे बोलले ते भावनेच्या भरातच होतं आणि ते बाहेर शिपायालाही ऐकू गेलं.

राजीनामा लिहायचा विचार घरी येईपर्यंत पक्का होता. पण मी गेले असते तर प्राचार्यांनी कुणालाही प्रशिक्षक म्हणून बसवून त्या चारजणींना खेळवलं असतं आणि वैष्णवीला समितीने पाहिलंच नसतं. संघात कोण हे त्यांनी ठरवलं होतं. मैदानात कोण उतरणार हे अजून माझ्या हातात होतं. राजीनामा दिला नाही.

काढलेल्या चारजणींना मी कोर्टवरच सांगितलं. एकीने विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं?" त्या चौघी तरीही रोज सरावाला येत राहिल्या आणि बॉल उचलून देत राहिल्या. मला तो प्रकार बघवत नसे.

आणलेल्या चारजणींवर राग काढायची माझी पूर्ण तयारी होती. त्यांतली सेंटर रूपाली, नागपूरकडची, वैष्णवीपेक्षाही उंच, वयाने बरीच मोठी. खेळ असा की बघत राहावं. पहिल्या सरावानंतर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला खेळवणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "चालते. मी थकली आता. गुडघा दुखून राहिला दोन वर्षांपासून. पण मी स्वतःहून नाही म्हटलं तर हॉस्टेल सोडावं लागते." मी विचारलं, याआधी कुठल्या कॉलेजात होतीस? तिने नावं सांगितली, एकाचं तिला आठवेना. एम.ए. कशात करतेस, असंही मी मूर्खासारखं विचारलं. "ते विचारावं लागीन ऑफिसात," ती म्हणाली. मग माझा राग हलला, पण कमी झाला नाही. त्याला फक्त योग्य पत्ता मिळाला.

विभागातून दोन संघ पुढे जातात, त्यामुळे उपांत्य सामना नदीपलीकडच्या कॉलेजशीच आला. प्राचार्य पहिल्या रांगेत, शेजारी संस्थेचे पाहुणे. पलीकडे टेबलाशी निवड समितीचे तिघे चहा-बिस्किटं घेऊन बसलेले. मी माझ्या पाचजणी उतरवल्या. वैष्णवी खाली, केतकी पुढे. आणलेल्या चौघी बेंचवर, रूपालीने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

त्या सामन्याचं वर्णन मी करणार नाही, मी ते करायला लागले की घरचे उठून जातात. एवढंच सांगते की समोर सगळ्या आणलेल्या, राज्याच्या मुली होत्या आणि आमच्या मुली अखेरपर्यंत त्यांच्या बरोबरीने होत्या. वैष्णवीने कडीवरून उडालेला बॉल समोरच्या सेंटरच्या हाती क्वचितच लागू दिला. मध्यंतरानंतर प्राचार्यांनी शिपायाबरोबर निरोप पाठवला की आपण बदल करावा. मी निरोप पोचला म्हणून सांगितलं. मग ते स्वतः बेंचपर्यंत आले. सामना चालू असताना! मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "साहेब, या रेषेच्या आत बाहेरचं माणूस आलं तर पंच मला शिक्षा करतात. आपण बसून घ्या." त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पण केतकीने पाहिला आणि पुढच्या दोन बास्केट तिने त्या आनंदात केल्या.

आम्ही हरलो, थोडक्यात हरलो. मुली रडल्या, काढलेल्या चौघी गॅलरीतून खाली येऊन त्यांच्या गळ्यात पडल्या. मला वाईट वाटत नव्हतं, कारण वैष्णवी समितीसमोर पूर्ण सामना खेळली होती आणि डोळे असलेल्या कुणालाही ती दिसली असणार असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावं वाचली. आमच्या कॉलेजमधून एकच नाव होतं, रूपालीचं.

जिने त्या दिवशी जॅकेटसुद्धा काढलं नव्हतं, तिचं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वैष्णवीला तसं वाटलं नाही. ती चालत त्या टेबलापाशी गेली आणि समितीच्या प्रमुखांना म्हणाली, "सर, रूपालीताई आज खेळल्याच नाहीत."

"बाळ, त्यांचा खेळ आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले.

"आणि माझा? आज दिसला का?"

"छान खेळलीस की. पुढच्या वर्षी बघू."

यानंतर मी तिथे पोचले. मी जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की माहीत असलेलीच नावं लिहायची होती तर आपण कशाला तसदी घेतलीत, घरबसल्या लिहायची, बिस्किटंही घरचीच मिळाली असती. दोघांनी माना खाली घातल्या. प्रमुखांनी घातली नाही. रूपालीने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "मॅडम, सोडा ना. हे सगळीकडे असंच होऊन राहिलं," ती म्हणाली. माझ्यावर रागावण्याचा तिला हक्क होता आणि तीच माझी समजूत घालत होती.

वर्ष संपताना प्राचार्यांनी मला "आपण आता विश्रांती घ्यावी" असं सुचवलं. अतिशय सभ्यपणे. मी कपाटातल्या चषकांकडे बघून म्हटलं, यांच्यासारखी का? त्यांना ते कळलं नाही किंवा कळूनही त्यांनी चहा मागवला.

जुलैत वैष्णवी घरी आली. ती बसेना, दारातच उभी. नदीपलीकडच्या सरांचा फोन आला होता. हॉस्टेल, फी माफ, आणि त्यांची सेंटर दुसरीकडे गेल्यामुळे जागाही होती. वडिलांनी मुदत वाढवून दिली होती, पण मॅडमना विचारून ये म्हणाले होते. "मॅडम, जाऊ का?"

जन्मभर मी या प्रकाराला शिव्या दिल्या. त्या माणसाने अख्खा संघ उचलून नेला होता, आणि आता मी रिकाम्या मैदानातून उभी केलेली मुलगी तो एका फोनवर नेणार होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत चहा केला. आमच्या कॉलेजात राहून ती कितीही चांगली खेळली तरी टेबलाशी तेच तिघे बसणार होते आणि त्यांना माहीत असलेलीच नावं ते लिहिणार होते. त्यांना माहीत व्हायचं तर ज्या कॉलेजांची नावं ते ओळखतात तिथेच जावं लागणार होतं. हे मला पटलं आणि पटल्याचा संताप आला. मी कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "जा."

त्या वर्षी ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. तोच खेळ, तेच तिघे. मी ते वाचून टाळ्या वाजवल्या आणि मग पेपर भिंतीवर फेकला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. आधी हॉस्टेलच्या जेवणाबद्दल बोलली, मग पुन्हा जेवणाबद्दलच बोलली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काल सामना संपल्यावर बाथरूममध्ये एक मुलगी रडत होती. त्या कॉलेजचीच, पहिल्या वर्षापासून तिथली. आधीची सेंटर गेल्यावर ती जागा तिला मिळायची होती, तेवढ्यात वैष्णवी आली. ती बेंचवरच राहिली. "मॅडम, ती मला बघून बाहेर गेली. मी काय करू?"

इतकी वर्षं मी मुलींना काय करायचं ते सांगत आले. या वेळी एवढंच विचारलं, "नाव काय तिचं?"

वैष्णवी म्हणाली, "माहीत नाही, मॅडम."